कुरतडलेली पाने आणि कीटकांची घट : आपल्या बागांत नेमके काय बदलावे?

रानजाई (पुणे)

"फुलपाखरांसाठी कोणती फुलझाडे लावावीत?" असा प्रश्न या विभागात दर पावसाळ्याच्या तोंडावर विचारला जातो आणि उत्तरादाखल एक्झोरा, झेंडू, जमैकन स्पाइक, बुटकी घाणेरी अशी यादी मिळते. ती यादी चुकीची नाही, पण अर्धीच आहे. फुलपाखरे मधासाठी कोणत्याही बागेत येतात आणि निघून जातात. ती वाढतात मात्र पानांवर. अळीला खाता येईल असे झाड परिसरात नसेल, तर कितीही फुले लावली तरी पुढची पिढी तयार होत नाही. या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी घटीविषयी, कारण त्याबाबत अतिशयोक्तीही बरीच होते. २०१७ मध्ये जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक अभ्यासकांच्या संघटनेच्या नोंदींवर आधारलेला एक शोधनिबंध गाजला. तंबूच्या आकाराचे जाळीचे सापळे ६३ संरक्षित क्षेत्रांत लावून, त्यात सापडलेल्या उडणाऱ्या कीटकांचे वजन करून ठेवण्याचे काम ही मंडळी १९८९ पासून करत होती. २७ वर्षांत हे वजन सुमारे ७६ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून दिसले. पुढे २०२० मध्ये जगभरातील १,६७६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात चित्र जरा वेगळे निघाले. जमिनीवरील कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटत होते, तर गोड्या पाण्यातील कीटक मात्र सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते. यातील बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. आपल्याकडे अशी दशकानुदशके केलेली मोजणी झालेली नाही. त्यामुळे महाराष्ट्रात कीटक अमुक टक्के घटले असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

आकडा नसला तरी कारणे डोळ्यांसमोर आहेत. माळरानांच्या जागी उभ्या राहिलेल्या वसाहती, शेताच्या बांधावरची तोडलेली झुडपे, आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीटकनाशके, रात्रभर जळणारे प्रखर दिवे आणि अंगणातली उरलीसुरली माती झाकून टाकणारे पेव्हर ब्लॉक यांपैकी प्रत्येक गोष्ट कीटकांच्या जीवनक्रमातील एखादी अवस्था तोडते. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चारही अवस्थांना जागा मिळाली तरच कीटक टिकतो आणि आपल्या बागा बहुधा फक्त शेवटच्या अवस्थेची सोय करतात.

लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही घरोघरी असणारी तीन झाडे घ्या. लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या माद्या त्यांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालतात. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेले ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपले नीलवंत, हेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. लहानपणी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना जातो. या महिन्यात कुंडीतला कढीपत्ता बराचसा बोडका होतो, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक घरांत फवारणीचा पंप बाहेर निघतो. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते. माझ्या पाहण्यात निरोगी झाड केवळ या अळ्यांमुळे मेलेले नाही.

इतर जोड्याही अशाच ठरलेल्या आहेत. प्लेन टायगर रुईवर वाढते, कॉमन क्रो कण्हेरीवर आणि वड-उंबरावर, टेल्ड जे आसुपालव व सीताफळावर, टॉनी कोस्टर कृष्णकमळाच्या वेलावर आणि कॉमन रोज व क्रिमझन रोज ही दोन्ही ईश्वरीच्या वेलावर. बहावा आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा यांच्यावर पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या असतात. आंब्याच्या पानावर पानाच्या शिरेशी एकरूप होऊन बसलेली बॅरनची अळी तर दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही. हळदीकुंकू हे सुरेख नाव मिळालेले फुलपाखरू बांडगुळावर वाढते. म्हणजे ज्याला आपण झाडावरचा उपद्रव समजून कापून काढतो, त्याच्यावर.

माझी विनंती इतकीच आहे की, बागेतील काही झाडे खाल्ली जाण्यासाठीच आहेत असे गृहीत धरून बाग आखावी. आपापल्या भागातले अनुभव, शंका आणि मतभेद अवश्य लिहावेत.

शंकेखोर (ठाणे)

धागा चांगला आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवतो. क्रेफेल्डच्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी दरवर्षी मोजणी झालेली नव्हती. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या जागी सापळे लावलेले होते आणि त्यावरून घटीचा आलेख काढला गेला. २०२३ मध्ये त्याच आकड्यांचा हवामानाशी ताळा घालून, घटीचा बराचसा भाग प्रतिकूल हवामानाने समजावता येतो असे मांडणारा निबंधही प्रसिद्ध झाला आणि त्यावरही वाद झाला. म्हणजे जिथे मोजणी झाली तिथेही कारणांबद्दल एकमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. कीटकांची खरी हानी शेतात आणि कापल्या जाणाऱ्या जंगलात होते. अशा वेळी ठाण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत कढीपत्ता बोडका होऊ दिल्याने काय साधणार? शहरी माणसाला काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि खऱ्या प्रश्नावरचे लक्ष उडते, असा माझा अनुभव आहे.

रानजाई (पुणे)

पहिला आक्षेप मान्य आहे आणि तो नोंदवल्याबद्दल आभार. तरीही हवामान हे कारण मोठे ठरले, तर घट खोटी ठरत नाही. उलट तापमान वाढत असताना ती अधिक काळजीची ठरते.

दुसऱ्याविषयी माझे मत निराळे आहे. गॅलरीने वाघ वाचणार नाही, पण कीटक हा लहान जागेत जगणारा प्राणी आहे. ग्रास ज्युएलसारख्या नखाएवढ्या फुलपाखराला किंवा पानकापी माशीला काही चौरस मीटरचा तुकडाही पुरतो, मात्र असे तुकडे एकमेकांपासून फार लांब नसावेत. ठाण्याच्याच घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीचे फुलपाखरू उद्यान आपण पाहिले असेल. एका वाडीत खाद्य वनस्पती आणि मधाची झाडे जाणीवपूर्वक लावल्यावर काय होऊ शकते, याचे ते आपल्या शहरातलेच उदाहरण आहे. अर्थात त्या वाडीमागे येऊरचे जंगल आहे, हा मुद्दा तुमच्या बाजूचा.

निफाडकर (नाशिक)

मी द्राक्ष आणि कांदा पिकवतो. शेतीवर बोट ठेवले गेले आहे, म्हणून शेताच्या बाजूने लिहितो.

द्राक्षाला परागीभवनासाठी मधमाशीची गरज पडत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे डाऊनी, भुरी, फुलकिडे, मिलीबग या रोग-किडींसाठी फवारण्यांची जी रांग लागते, तिच्यात माशी मेली तरी बागायतदाराच्या उत्पन्नात तिचा हिशेब कुठेच दिसत नाही. हिशेब लागतो तो शेजारच्या माणसाला. आमच्याकडे कांद्याचे बी तयार करण्यासाठी डोंगळे, म्हणजे फुलावर जाऊ दिलेला कांदा, लावतात. कांद्याच्या प्रत्येक लहान फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून तो कोणीतरी आणावा लागतो. हे काम पूर्वी आग्या आणि फुलोरी माश्या न सांगता करत असत. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे पांढरेशुभ्र फुलतात आणि बरेचसे पोचे राहतात. काही शेतकरी हातात मऊ कापड घेऊन सकाळी गोंड्यांवरून फिरवतात. ज्यांना परवडते ते मधपेट्या भाड्याने आणतात. पेट्या आणूनही शेजारच्या प्लॉटमध्ये फुलकिड्यांसाठी भर सकाळी फवारणी झाली, तर पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडतो आणि त्यावरून बांधावर भांडणे होतात.

शेतकऱ्याला हे कळत नाही असे समजू नये. माल डागी निघाला तर व्यापारी परत फिरतो. एक वर्ष बाग गेली तर सोसायटीचे कर्ज पुढची दोन-तीन वर्षे पिच्छा सोडत नाही. या भीतीपोटी गरज नसलेली फवारणीही होते, आणि सल्ला बहुतेक वेळा औषध विकणाऱ्या दुकानदाराकडूनच मिळतो. तरी दोन गोष्टी आमच्या गटाने ठरवून पाळल्या आहेत. शेजारी डोंगळे किंवा सूर्यफूल फुलावर असेल तर फवारणी सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यानंतर करायची आणि आदल्या दिवशी कळवायचे. दुसरे म्हणजे बांध पेटवायचा नाही आणि बांधावर तणनाशक मारायचे नाही. बांधावर तरवड, निरगुडी, बोर, रुई अशी झाडे राहिली की डोंगळे नसतानाच्या दिवसांत माशीला काहीतरी खायला मिळते. पीक फुलावर असते ते जेमतेम तीन-चार आठवडे. वर्षाचे उरलेले दिवस माशीने काय खावे, हा प्रश्न पेट्या देणाऱ्यालाही पडतो आणि म्हणून तो पेट्या घेऊन जिल्हेच्या जिल्हे फिरत असतो.

अनामिका_कोथरूड

निफाडकर, तुमचा प्रतिसाद वाचून बरेच कळले. एक लहान शंका आहे. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांचे मोठे पोळे लागले आहे. समितीतील सदस्य ते जाळून काढण्याच्या विचारात आहेत. लहान मुले असल्याने त्यांची भीतीही समजण्यासारखी आहे. काय करावे?

निफाडकर (नाशिक)

जाळू नये. आग्या माशी एका जागी कायमची राहत नाही. परिसरातला फुलोरा संपला की पोळे सोडून निघून जाते आणि मागे रिकामे मेण राहते. तोपर्यंत त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावावी, रात्री पोळ्याजवळचा दिवा बंद ठेवावा, खाली धूर, फटाके किंवा उग्र वासाचे काही करू नये आणि मुलांना दगड मारू देऊ नये. पोळे जिन्याच्या तोंडाशी किंवा हाताच्या अंतरावर असेल तर मात्र थांबणे धोक्याचे आहे. अशा वेळी माश्या न मारता पोळे हलवणारे प्रशिक्षित लोक बोलवावेत. पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल.

सेक्रेटरी_काकू (पिंपरी-चिंचवड)

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि या चर्चेतला सर्वांत अप्रिय प्रश्न मी विचारते. पालापाचोळा राहू द्या, पाण्याची ताटली ठेवा, फवारणी करू नका, असे कीटकप्रेमी नेहमी सांगतात आणि ते ऐकायला छान आहे. पण दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण निघतात आणि सभासद मला धारेवर धरतात. धूरफवारणी झाली नाही तर सोसायटी काहीच करत नाही असा आरोप होतो. कीटक वाचवण्यासाठी डास वाढू द्यायचे का?

निवृत्त_जीवशास्त्रज्ञ

काकू, मी अनेक वर्षे हिवताप विभागात काम केले आहे, त्यामुळे हे उत्तर जबाबदारीने देतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास झाडाझुडपांत किंवा पालापाचोळ्यात अंडी घालत नाही. त्याला साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. पिंप, हौद, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेले टायर, फ्रिजमागचा ट्रे या त्याच्या जागा आहेत. अंड्यापासून डास होण्यास पावसाळी हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे आम्ही घसा कोरडा करून सांगत असू. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. तेव्हा नुसते पाणी ओतून न देता भांडे घासणे आवश्यक आहे.

धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. एडिस दिवसा चावतो आणि बरेचदा घरातच, पडद्यामागे किंवा पलंगाखाली बसून राहतो, तर धूर बाहेरच्या बागेत सोडला जातो. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काहीही होत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात डासांची नवी फौज हजर असते. साथ आटोक्यात आणताना रुग्णाच्या घराभोवती धूरफवारणीचा उपयोग आहे. पण दर शनिवारी बागेत धूर सोडणे हा सभासदांचे समाधान करण्याचा उपाय आहे आणि त्यात चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक कीटक), मधमाश्या आणि डास खाणारे कोळी मात्र हमखास मरतात. चतुर आणि टाचणीची पिल्ले पाण्यात वाढताना डासांच्या अळ्याच खातात, हे सभासदांना जरूर सांगावे.

ज्या पाणवठ्याचे पाणी काढून टाकता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडावेत किंवा डासांच्या अळ्यांवरच काम करणारे बीटीआय हे जीवाणूजन्य औषध वापरावे. त्याने फुलपाखरांच्या अळ्यांना धोका नाही. गप्पी मासे हौदात आणि टाकीतच ठेवावेत. नैसर्गिक ओढ्यात किंवा तळ्यात ते सोडले तर तिथल्या मूळ माशांना आणि चतुरांच्या पिल्लांनाही ते त्रासदायक ठरतात.

सेक्रेटरी_काकू (पिंपरी-चिंचवड)

हे उत्तर मी जसेच्या तसे सूचनाफलकावर लावणार आहे, आपली परवानगी गृहीत धरते. कोरडा दिवस रविवारी ठेवला तर माणसे घरी सापडतील.

ऱ्हाइनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

मी नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षे जर्मनीत राहतो आणि क्रेफेल्ड माझ्या शहराच्या अगदी शेजारी आहे. त्या अभ्यासाने इथे लोकांना हादरा बसला तो मुख्यतः एका कारणाने: सापळे शेतात लावलेले नव्हते, संरक्षित क्षेत्रांत होते. म्हणजे कुंपण घालून राखलेल्या जागेतही कीटक सुरक्षित नव्हते, कारण त्या जागा लहान आहेत आणि चारी बाजूंनी शेतीने वेढलेल्या आहेत. २०१९ मध्ये बव्हेरिया राज्यात मधमाश्या वाचवण्याच्या मागणीसाठी लोकांनी नगरपालिका कार्यालयांत रांगा लावून सह्या केल्या. १७ लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि सरकारला मागण्या कायद्यात घ्याव्या लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला होता. ही नावे निफाडकरांना परिचयाची असतील.

बागांच्या बाबतीत इथला एक वाद आपल्याला उपयोगी पडेल. निगा राखायला नको म्हणून घरापुढच्या जागेत प्लास्टिक अंथरून त्यावर खडी टाकण्याची पद्धत इथे बोकाळली होती. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने २०२० मध्ये अशा खडीच्या बागांना कायद्याने मनाई केली. पेव्हर ब्लॉकने झाकलेली आपली अंगणे त्याच प्रकारची आहेत. जगातील मधमाशी आणि तिच्या नातलग माश्यांच्या सुमारे २० हजार जातींपैकी बहुसंख्य जाती पोळे बांधत नाहीत. एकेकट्या मादीने जमिनीत बीळ करून त्यात अंडी घालणे हाच त्यांचा संसार असतो. उघडी, न खणलेली, ऊन लागणारी मातीची पट्टी ही त्यांची पहिली गरज आहे.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. इथे उत्साहाच्या भरात शहरी लोकांनी गच्चीवर मधपेट्या ठेवायला सुरुवात केली आणि आता रानटी माश्यांच्या वाट्याचा मध पाळीव माशी पळवते अशी तक्रार अभ्यासक करत आहेत. पाळीव मधमाशी म्हणजे सगळे कीटक नव्हेत.

सह्यवासी (महाबळेश्वर)

ऱ्हाइनकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडे थोडी पुस्ती जोडायला हवी. आमच्याकडची सातेरी ही इथलीच माशी आहे, बाहेरून आणलेली नाही. युरोपीय मेलिफेरा भारतात रुजली ती १९६० च्या दशकात, आणि तिच्या पेट्या मुख्यतः सूर्यफूल, मोहरी अशा मोठ्या पिकांमागे फिरतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते या सातेरीच्याच जोरावर. सातेरीची पेटी ठेवणारा माणूस जांभूळ, हिरडा, गेळा तोडू देत नाही, कारण त्याचा मध त्यावर अवलंबून असतो. तेव्हा पेटी सरसकट वाईट म्हणता येणार नाही. कोणती माशी आणि कुठे, हे पाहावे लागते.

भुंग्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. वांगे आणि टोमॅटोच्या फुलातला पराग बंद नळीसारख्या परागकोषात असतो आणि तो बाहेर काढण्यासाठी फूल धरून विशिष्ट वेगाने थरथरवावे लागते. मधमाशीला ते जमत नाही. काळा-निळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी यांना जमते. गच्चीवर वांगी लावणाऱ्यांनी वाळलेल्या शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा एखादा ओंडका आणि जाड बांबू कोपऱ्यात राहू द्यावा, भुंगा त्यातच घर पोखरतो.

गच्चीवाली (नाशिक)

मी रासायनिक काहीच वापरत नाही. फक्त निंबोळी तेल आणि दशपर्णी अर्क फवारते. ते तर सुरक्षित आहे ना?

रानजाई (पुणे)

माणसाला सुरक्षित आणि अळीला सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निंबोळीतील ॲझाडिरेक्टिनमुळे अळीचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. लिंबावरची अळी नीलवंताची आहे की शत्रुकिडीची, हे त्याला समजत नाही. अळ्यांसाठी मिळणारे बीटी हे सेंद्रिय औषधही फुलपाखरांच्या अळ्या मारते. वर उल्लेख झालेले डासांसाठीचे बीटीआय निराळे. दुकानात नावे सारखी वाटतात म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढऱ्या माशीसोबत मित्रकीटकही अडकतात.

मावा पडला तर आठवडाभर थांबून पाहावे, असा माझा सल्ला आहे. मावा आल्याशिवाय तो खाणारा ढालकिडा येत नाही आणि जिच्या अळ्या मावा खातात ती सिरफिड माशीही अंडी घालत नाही. तोवर पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढता येतो. बागेत शेपू, कोथिंबीर, बडीशेप यांची दोन-चार झाडे फुलावर जाऊ द्यावीत. त्यांची उथळ फुले सिरफिड माशीला आणि अळ्यांवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना सोयीची असतात.

आणखी एक. नर्सरीतून आणलेले रोप बरेचदा आंतरप्रवाही औषध दिलेले असते आणि ते औषध पानांत, मधात बराच काळ उतरत राहते. खाद्य वनस्पती शक्यतो बियांपासून किंवा ओळखीच्या बागेतील फांदीपासून तयार करावी.

देवरुखकर (रत्नागिरी)

आमच्या बाजूची परिस्थिती सांगतो. आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचे मोठे काम साध्या माश्या करतात, ज्यांना कोणी कीटकप्रेमी म्हणून विचारत नाही. तुडतुड्यांसाठी मोहोरावर फवारणी केली की तुडतुड्यांबरोबर या माश्याही जातात आणि मग फळधारणा कमी झाली म्हणून आणखी संजीवके मारली जातात. ज्या बागायतदारांनी दाट फांद्या विरळ करून ऊन-वारा आत खेळवला, त्यांच्याकडे तुडतुडे मुळातच कमी दिसतात.

दुसरा विषय काजव्यांचा. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या बाजूला काजवे पाहण्यासाठी शहरातून गाड्यांची रीघ लागते. काजव्यांची अळी ओलसर पाचोळ्यात राहून गोगलगाई खाते. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या लुकलुकीवरून शोधतात. गाड्यांचे दिवे, मोबाइलचे टॉर्च आणि झाडाखाली तुडवला जाणारा पाचोळा यांमुळे जोडी जमण्याआधीच बराचसा हंगाम निघून जातो. काजवे पाहायला जाण्यापेक्षा आपल्या परसातला दिवा बंद करून पाहावा. कोकणात अजून पुष्कळ ठिकाणी ते घराच्या मागेच असतात.

शंकेखोर (ठाणे)

दिव्यांचा मुद्दा मला पटतो, कारण त्यात खर्च काहीच नाही. आमच्या संकुलात शोभेसाठी झाडांच्या बुंध्यांशी वर तोंड केलेले पांढरे दिवे रात्रभर चालू असतात. पपईसारख्या झाडाचे परागीभवन रात्री उडणारे मोठे पतंग करतात, आणि तेच या दिव्यांभोवती फिरून सकाळी खाली पडलेले दिसतात. दिवे अकरानंतर बंद करावेत आणि वाटेपुरते पिवळसर, खाली तोंड असलेले ठेवावेत असा अर्ज मी समितीकडे देत आहे. गॅलरीविषयीचा माझा आक्षेप मात्र अजून कायम आहे.

टेकडीकर (पुणे)

टेकडीवर दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात आणि त्यात सहभागी होणाऱ्या संस्थांनी हा धागा वाचावा असे वाटते. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ आणि झुडपी आहेत. तिथे गिरिपुष्प लावून केलेली दाट सावली हिरवी दिसते, पण तिच्याखाली गवत आणि त्यावर वाढणाऱ्या इव्हनिंग ब्राउनसारख्या फुलपाखरांच्या अळ्या राहत नाहीत. पावसाळ्यानंतर पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे ताटवे पाहून लोक छायाचित्रे काढतात. त्यावर माश्या येतात हे खरे आहे, पण ते ज्या देशी गवतफुलांना हुसकावून पसरते त्यांच्यावर जगणाऱ्या अळ्यांना त्याचा उपयोग नाही. हीच अडचण घाणेरीची आणि रानमोडीची. खड्डे खणण्याऐवजी उन्हाळ्यातले वणवे विझवण्याचे काम कोणी अंगावर घेतले तर टेकडीवरचे कोष आणि अंडी वाचतील, पण त्या कामात फलक लावून छायाचित्र काढता येत नाही.

अनामिका_कोथरूड

समितीने पोळे न जाळण्याचे मान्य केले आहे; त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या बसवत आहोत. आता कुंड्यांविषयी विचारते. ईश्वरीचा वेल कुठे मिळेल आणि कुंडीत वाढेल का? तसेच माश्यांसाठी बांबूच्या नळ्यांची घरे बाजारात मिळतात, ती घ्यावीत का?

रानजाई (पुणे)

ईश्वरी मोठ्या, खोल कुंडीत जाळीवर चांगली वाढते. बिया ताज्याच पेराव्यात आणि पहिला पाऊस स्थिरावल्यावर पेरल्या तर उगवण बरी मिळते. वेल कोवळा असताना अळ्या आल्या तर तो मुळापर्यंत खाल्ला जातो, म्हणून पहिले वर्ष त्यावर जाळी टाकून ठेवावी आणि शक्य झाल्यास दोन वेल लावावेत. एक सूचना महत्त्वाची आहे: ईश्वरी घरगुती औषध म्हणून कोणीही पोटात घेऊ नये, तिच्यातील घटक मूत्रपिंडाला गंभीर इजा करतात. रुईचा चीक आणि कण्हेरही विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर या तिन्हींऐवजी कढीपत्ता, लिंबू आणि कृष्णकमळ यांपासून सुरुवात करावी.

बाजारातली घरे विकत घेण्याची गरज नाही. वाळलेल्या बांबूचे साधारण वीतभर तुकडे असे कापावेत की एका टोकाला पेर राहून ते बंद असेल, आणि तोंडाचा व्यास पेन्सिलीपेक्षा किंचित लहान-मोठा असा मिश्र ठेवावा. तोंड तासून गुळगुळीत करावे, नाहीतर पंख फाटतात. जुडी बांधून पूर्वेकडे तोंड करून, पावसाची झड लागणार नाही अशा जागी घट्ट बसवावी. वाऱ्याने हलणारी जुडी माश्या स्वीकारत नाहीत. पानकापी माशी तिथे गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे आणून कोठड्या रचते आणि कुंभारीण चिखलाने तोंड लिंपते. कुंभारणीसाठी जवळच ओल्या मातीचे एक पसरट भांडे ठेवावे, पण काकूंच्या रविवारी तेही घासून घ्यावे. माश्या बाहेर पडून गेल्यावर जुने तुकडे टाकून नवे बांधावेत, कारण त्यात परजीवी आणि बुरशी साठत जाते.

बियांसाठी मला या संकेतस्थळावरील निरोपातून कळवावे. वेलाला शेंगा धरल्या आहेत, त्या वाळून फुटल्या की पाठवीन.

सेक्रेटरी_काकू (पिंपरी-चिंचवड)

माझेही नाव त्या यादीत घ्यावे. आणि आमच्या माळीमामांना अळ्या दाखवण्यासाठी कोणाकडे चांगली छायाचित्रे असतील तर इथे डकवावीत. ते दिसेल ती अळी चिमट्याने काढतात आणि त्यांना नुसते तोंडी सांगून पटत नाही.